जांबालाया २२ माणसांसाठी करायचाय: टोमॅटो घालायचा का, आणि भाताचा लगदा होऊ नये म्हणून काय करू?

सातारी_बॅटनरूजात:
नमस्कार मंडळी. आम्ही लुईझियानात बॅटन रूजला असतो. पुढच्या शनिवारी घरी जेवायला २२ जण आहेत. नवऱ्याच्या लॅबमधले ७-८ जण, त्यातले तिघं अगदी इथलेच, म्हणजे आज्या-पणज्यांपासून इथलेच, बाकी आपली मराठी मंडळी आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. नेहमी बिर्याणी करते, पण यावेळी इथलाच पदार्थ घरी करून घालायचा असं डोक्यात बसलंय आणि सासऱ्यांनाही "इथले लोक काय खातात ते दाखव" असं झालंय, म्हणून जांबालाया, म्हणजे इथला मांस, सॉसेज आणि तांदूळ एकाच पातेल्यात शिजवलेला भात.

आता अडचणी. एक, नेटवर प्रत्येक रेसिपी वेगळी, अर्ध्यांत टोमॅटो आहे अर्ध्यांत नाही, आणि लॅबमधल्या एकाला सहज विचारलं तर त्याने टोमॅटो म्हटल्यावर असं तोंड केलं की पुढे काही विचारायची सोय राहिली नाही. दोन, आमच्यातले दोघं डुक्कर खात नाहीत आणि सहा जण पूर्ण शाकाहारी. तीन, चार माणसांचा भात मोकळा होतो पण इतक्या मोठ्या पातेल्यात खाली करपतो आणि वर गिजगा होतो, त्यावर उपाय हवाय. चार, सासूबाई म्हणतायत यात गोडा मसाला घातला तर काय बिघडतं. खरंच काय बिघडतं ते सांगा म्हणजे मला त्यांना सांगता येईल 😄

प्रमाणासकट सांगितलंत तर फार बरं होईल.

काळं_पातेलं:
ताई, तुमच्या लॅबमधल्या माणसाचं गाव विचारा, बहुतेक गोन्झालेसच्या आसपासचा निघेल. बॅटन रूज आणि न्यू ऑर्लिन्सच्या मधे आहे ते, स्वतःला जगाची जांबालाया राजधानी म्हणवून घेतं, १९६८ साली गव्हर्नरने तसं जाहीर पण केलेलं, आणि दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी तिथे जत्रा भरते, लाकडाच्या जाळावर ही मोठमोठी बिडाची काळी पातेली आणि लोक हातात वल्ह्यासारखे उलथने घेऊन उभे. त्या भागातला जांबालाया तपकिरी असतो, टोमॅटो अजिबात नाही. न्यू ऑर्लिन्सकडे लाल करतात, त्यात टोमॅटो असतो. दोन्ही खरे. पण तुम्ही बॅटन रूजला आहात आणि पाहुणे तिथलेच, तेव्हा तपकिरी करा.

आता मुख्य गोष्ट. याची चव मसाल्यात नाहीये, पातेल्याच्या बुडात आहे. आपल्याला सवय अशी की चव कमी पडली की मसाला वाढवा, इथे चव कमी पडली तर समजायचं मांस आणि कांदा पुरेसा तांबूस झाला नाही. ते जमलं की बाकी मीठ, तिखट, मिरपूड, लसूण, थाइम आणि दोन तमालपत्रं एवढ्यावर काम होतं.

मांसाहारी १६ जणांसाठी: लांब दाण्याचा तांदूळ ३ पौंड, म्हणजे मापाचे साधारण ७ कप. चिकनच्या मांड्या हाडं काढून ४ पौंड (छातीचं मांस नको, कोरडं पडतं). अंदुई सॉसेज (इथलं धुरी दिलेलं, बहुतेक डुकराचं असतं) २ पौंड. कांदे ३ पौंड, हो ३, कमी करू नका. हिरव्या ढब्बू मिरच्या मोठ्या ३, सेलरीच्या ६-७ दांड्या, एक अख्खा गड्डा लसूण. स्टॉक १२ कप.

सॉसेजच्या चकत्या आधी परतायच्या, त्यांचं तेल सुटेल, त्या काढून ठेवायच्या. मग त्याच तेलात चिकन थोडं थोडं, एकदम सगळं टाकलंत तर पाणी सुटतं आणि ते परतण्याऐवजी उकडत बसतं. चिकन बुडाला चिकटेल, चिकटू दे. ते काढलं की कांदा, आणि कांद्याच्या पाण्याने ते बूड खरवडायचं, परत चिकटलं की अर्धी वाटी पाणी, परत खरवडायचं, असं अर्धा-पाऊण तास. घाई करायची असेल तर हा पदार्थ करू नका एवढंच सांगेन. कांदा गडद तपकिरी झाला की ढब्बू, सेलरी, लसूण, ते मऊ झालं की मांस परत आत आणि स्टॉक. नॉनस्टिकमध्ये हे होणार नाही कारण त्यात काही चिकटतच नाही, बिडाचं किंवा जाड बुडाचं स्टीलचं घ्या.

तांदूळ टाकायच्या आधी स्टॉक चाखायचा, चांगला खारट लागला पाहिजे, सूप म्हणून प्यायला नको वाटेल इतका, कारण तांदूळ मीठ ओढतो आणि नंतर वरून घातलेलं मीठ दाण्यात जात नाही. आणि ते तयार क्रिओल मसाल्याचे हिरवे डबे मिळतात ना, त्यात पहिला घटक मीठच असतं, सॉसेजमध्ये मीठ, विकतच्या स्टॉकमध्ये मीठ. म्हणून स्टॉक कमी मिठाचा आणा आणि सगळ्यात शेवटी ठरवा.

मेटेरीकर:
वरचे दादा पट्टीचे दिसतात पण "दोन्ही खरे" म्हणून लगेच तपकिरी करा म्हणाले, हे काय बरोबर नाही 😀 आम्ही न्यू ऑर्लिन्सच्या शेजारी राहतो आणि आमच्याकडे लालच होतो. टोमॅटोचा आंबटपणा सॉसेजच्या धुराच्या वासाला आणि कोळंबीला इतका छान जातो की बास. कोळंबी घालणार असाल तर लालच करा असं मी म्हणेन. फक्त टोमॅटो म्हणजे डबाभर प्युरी ओतायची नाही, तो स्पॅनिश राइस होतो. ७ कप तांदळाला बारीक चिरलेल्या टोमॅटोचा एक मध्यम डबा, आणि त्यात जेवढा रस असेल तेवढा स्टॉक कमी. कोळंबी पहिल्यापासून घालायची नाही, रबर होते. भात शिजल्यावर शेवटी उलटवताना आत सारायची आणि झाकण ठेवायचं, ५-७ मिनिटांत वाफेवर होते.

आणि एक, डुक्कर न खाणारे आहेत म्हणालात तर चिकनचं किंवा टर्कीचं अंदुई मिळतं, पण पाकिटाची मागची बाजू वाचा. आत चिकन असतं आणि बाहेरचं आवरण डुकराच्या आतड्याचं, असं बऱ्याच ब्रँडमध्ये असतं. समोर मोठ्या अक्षरात चिकन लिहिलेलं असतं त्यामुळे लक्षात येत नाही. बीफचं आवरण किंवा कोलाजेन आवरण असंही लिहिलेलं असतं, ज्याला जे चालतं ते बघून घ्या.

एक_साधा_प्रश्न:
म्हणजे थोडक्यात चिकन घातलेला मसालेभात. एवढं काय त्यात.

काळं_पातेलं:
साधाप्रश्न साहेब, मसालेभातात मसाला काढला तर काय राहतं सांगा. यात मसाला नसतोच, तेच तर चाललंय वर.

सातारी_बॅटनरूजात:
खूप आभार, काळं पातेलं दादा, नाव सार्थ आहे तुमचं. लॅबवाला खरंच अ‍ॅसेन्शन पॅरिशचा (पॅरिश म्हणजे इथला जिल्हा) निघाला, म्हणजे गोन्झालेसच! तपकिरी फायनल. मेटेरीकर, आवरणाचं डोक्यातच आलं नव्हतं, घरात आणून ठेवलेलं पाकीट बघितलं तर डुकराचंच आवरण आहे, बदलून आणते.

अजून दोन गोष्टी. माझ्याकडे इलेक्ट्रिक कॉइलची शेगडी आहे, कमी केली तरी बूड तापत राहतं, त्यावर ३ पौंडाचं पातेलं कसं सांभाळू? आणि शाकाहाऱ्यांचं काय, नुसतं मांस वगळून केलं तर बेचव होईल ना?

तांदूळ कुठला ते पण सांगा, घरात बासमतीची गोणी आहे.

काळं_पातेलं:
बासमती नको ताई. वास फार येतो आणि दाणा नाजूक, उलटवताना तुटतो. इथल्या दुकानातला साधा लांब दाण्याचा घ्या, लुईझियानातलाच मिळतो, क्राउलीच्या बाजूला मैलच्या मैल भातशेती आहे. मोठ्या पातेल्याची भीती वाटत असेल तर पारबॉइल्ड घ्या, आपला उकडा असतो त्या जातीचा, पण वास तेवढा नाही. तो सहजासहजी फुटत नाही. बरेच इथले लोक जत्रा, चर्चची जेवणं, मॅचच्या दिवशी स्टेडियमबाहेर ५०-१०० माणसांचं करतात तेव्हा तोच वापरतात, आणि साधा वापरणारे त्यांना नावं ठेवतात, ते चालायचंच.

कॉइलवर उपाय ओव्हन. एका पातेल्याच्या जागी दोन करा, ६ क्वार्टची (साधारण पावणेसहा लिटर) झाकणवाली. मांस-कांदा सगळं शेगडीवर, स्टॉक घालून उकळी आणायची, तांदूळ घालून बुडापासून एकदा ढवळायचं, परत उकळी फुटली की फॉइल लावून वर झाकण दाबायचं आणि ३५० फॅरनहाइटला (साधारण १७५ सेल्सियस) आत. ३५ मिनिटं उघडून बघायचं नाही. मग बाहेर काढून खालचा भात वर, वरचा खाली असा उलटवायचा, ढवळायचा नाही, उलथन्याने कडेने उचलून पलटायचा, आणि झाकून १० मिनिटं तसाच. चारी बाजूंनी सारखी उष्णता लागते म्हणून खाली करपत नाही. तुमचा वर गिजगा खाली करपलेला प्रॉब्लेम दोन कारणांनी होतो, एकतर मधेमधे ढवळल्याने स्टार्च सुटतो, दुसरं म्हणजे पाण्याचं प्रमाण सरळ पटीत वाढवलं जातं. पातेलं मोठं झालं की त्या मानाने वाफ कमी उडते, शिवाय ३ पौंड कांद्याचं पाणी आहेच. म्हणून ७ कपाला १४ नाही, १२.

खमंग_शाकाहारी:
शाकाहारी जांबालायावर मी बोलू का, कारण आमच्या घरी मी एकटी शाकाहारी आणि नवरा-मुलं सगळे खाणारे, त्यामुळे दर वेळी माझं छोटं पातेलं शेजारी असतंच.

मांस वगळून जे राहतं ते बेचव होतं हे खरंय, म्हणून वगळायचं नाही, दुसरं काहीतरी तांबूस करायचं. मशरूम. सहा जणांना दीड पौंड तरी घ्या, जाड तुकडे करून, आधी मीठ न घालता कडक तापलेल्या पातेल्यात पसरून ठेवायचे आणि हात लावायचा नाही, पाणी सुटतं, आटतं, मग कडा काळपट तपकिरी होतात आणि बुडाला चिकटतात. तिथून पुढे कांद्याचं सगळं वर सांगितलंय तसंच. धुराचा वास सॉसेजमधून यायचा तो स्मोक्ड पॅप्रिकामधून आणायचा, १ पौंड तांदळाला (सव्वादोन कप) दोन चहाचे चमचे. भरीला शिजवलेली चवळी घाला. चवळी इथे दक्षिणेत घरोघरी खातात त्यामुळे काही उपरं वाटत नाही. भेंडी घालायची असेल तर वेगळी ओव्हनमध्ये कोरडी भाजून शेवटी वरून, आत शिजवलीत की तार सुटून भाताची वाट लागते. स्टॉक ४ कप, भाज्यांचा.

दोन ठिकाणी फसगत होते. वूस्टरशर सॉस बऱ्याच रेसिपीत असतो, त्यात अँचोव्ही म्हणजे मासे असतात, तर तो नको किंवा शाकाहारी बघून घ्या. आणि उलथनं वेगळं ठेवा हो, पार्टीत कोणीतरी हमखास मदत करायला येतं आणि चिकनच्या पातेल्यातला डाव उचलून आपल्यात घालतं. मी तर चिठ्ठी चिकटवते.

गोड्या मसाल्याचं म्हणाल तर सासूबाईंना सांगा की दगडफूल, खोबरं, तीळ हे स्वतःच इतके बोलके की कांद्याचं कोणी ऐकणारच नाही. पण लाल तिखट घरचं वापरलं तर काही बिघडत नाही. इथल्या केयेन मिरचीच्या जागी चालतं, रंगही येतो. थाइम नसेल तर ओवा चिमूटभर, दोन्हीत थायमॉल असतं त्यामुळे वास जवळचा आहे, पण चिमूटभरच, नाहीतर भजी आठवतील.

म्हापशेकर:
मी गोव्यातून लिहितोय, जांबालाया न्यू ऑर्लिन्सला जाऊन खाल्लाय आणि परत येऊन घरी केलाय त्यामुळे भारतातल्या लोकांसाठी चार ओळी, धागा नंतर कोणीतरी शोधत येईलच. इथे अंदुई मिळत नाही, मग सगळे विचारतात गोव्याचं चोरीस चालेल का. चालतं, पण पदार्थ बदलतो. आमच्या चोरीसात व्हिनेगर आणि लाल मिरची भरपूर, आंबट-तिखट रस सुटतो आणि भात लाल होतो, म्हणजे जे होतं तो आमचा चोरीस पुलाव, आणि तो आपल्या जागी झकासच आहे, त्याला जांबालाया म्हणायची गरज नाही. जांबालाया हवा असेल तर कोल्ड स्टोअरमधून साधं स्मोक्ड सॉसेज आणा, मसाला कमीत कमी असलेलं. सेलरी मोठ्या भाजीवाल्याकडे मिळते आता. तांदूळ, आमचा गोव्याचा उकडा जाड पडतो, त्यापेक्षा सेला बासमती, तो पारबॉइल्डच असतो आणि मोठ्या पातेल्यात कधी दगा देत नाही, साध्या बासमतीइतका वासही मारत नाही.

बाकी हे पोर्तुगीज-स्पॅनिश कनेक्शन मला नेहमी गमतीचं वाटतं. न्यू ऑर्लिन्सवर चाळीसेक वर्षं स्पेनचा अंमल होता, म्हणून हा पाएयाचा, म्हणजे त्या स्पॅनिश भाताचा, भाऊ असं तिकडचे गाईड सांगतात.

मेटेरीकर:
म्हापशेकर, गाईड सांगतात खरं पण त्या गोष्टीत अर्धी माणसं गायब असतात. लुईझियानात गुलामांची पहिली जहाजं १७१९ साली आली, त्यांच्या कप्तानांना सूचनाच होती की पश्चिम आफ्रिकेतून बियाण्याचा तांदूळ आणा आणि भातशेती येणारी माणसं पण आणा. इथल्या फ्रेंच मालकांना भातशेती येत नव्हती, ती त्या माणसांना येत होती. आणि सेनेगल वगैरे भागात जोलोफ म्हणून भात करतात, एकाच भांड्यात कांदा-टोमॅटो-मांस-तांदूळ, तो खाल्लात तर लाल जांबालाया कुठून आला असेल याचा अंदाज येतो. पाएयाचा हात असेलही, मी नाही म्हणत नाही, पण पाएया उघड्या पसरट कढईत होतो आणि हा खोल पातेल्यात झाकण ठेवून. केजन लोक म्हणजे ज्यांना इंग्रजांनी १७५५ पासून कॅनडातल्या अकेडियामधून हाकललं ते, ते इथे त्यानंतर आले आणि दलदलीच्या भागात जे मिळेल ते घालून केलं, तिथे टोमॅटोपेक्षा डुक्कर, बदक, शिकार जास्त. दादांचा तपकिरी तिकडचा.

सातारी_बॅटनरूजात:
वा, हे सासऱ्यांना वाचून दाखवते, त्यांना इतिहास पाहिजेच असतो जेवताना. सासूबाईंनी गोडा मसाला मागे घेतलाय पण "मग सोबत काय" हा नवीन प्रश्न आलाय. आणि किती वाजता सुरू करू, जेवण सातला.

काळं_पातेलं:
सोबत पांढरे बीन्स. गोन्झालेसकडे जांबालाया म्हटला की शेजारी पांढऱ्या बीन्सची पातळसर उसळ असतेच, काहीजण भातावरच ओततात. लसूण, कांदा, तमालपत्र, मीठ, तेवढंच, आणि मांस न घालता केलीत तर शाकाहाऱ्यांनाही चालेल. बाकी सॅलड, पाव आणि टेबलावर टबॅस्कोची बाटली, ती इथलीच आहे, एव्हरी आयलंडची, १८६८ पासूनची. काकडीची कोशिंबीर सासूबाईंना करू द्या, कोणी नको म्हणणार नाही, मी तर म्हणतो सगळ्यात आधी तीच संपेल.

वेळ: चिरणं सगळं शुक्रवारी रात्री. शनिवारी साडेतीनला सॉसेज पातेल्यात. दोन पातेली आहेत म्हणजे चिकन परतायला वेळ जातो, ५ पर्यंत कांदा तपकिरी होईल, साडेपाचला स्टॉकला उकळी, पावणेसहाला ओव्हनमध्ये, साडेसहाला तयार. शाकाहारी पातेलं त्याच ओव्हनमध्ये खालच्या कप्प्यात बसतं का ते आजच रिकामी पातेली ठेवून बघा, शनिवारी कळून उपयोग नाही. शेवटी पातीचा कांदा आणि पार्सली बारीक चिरून वरून.

लोक उशिरा आले तर घाबरू नका. इथली युक्ती अशी की बर्फाची पेटी असते ना पिकनिकची, ती आतून गरम पाण्याने तापवून घ्यायची, पाणी ओतून टाकायचं, टॉवेल अंथरायचा आणि पातेलं झाकणासकट आत ठेवायचं. दोन तास सहज गरम राहतं.

मेटेरीकर:
त्याला जोडून, उरलेल्या भाताचं. पार्टीत पातेलं टेबलावर गप्पा मारत तीन-चार तास राहतं आणि मग कोणीतरी ते तसंच फ्रिजमध्ये ढकलतं, ते करू नका. शिजलेल्या भातात एक जीवाणू वाढतो, त्याचं विष परत गरम करून जात नाही. जेवणं झाली की दोन तासांच्या आत पसरट डब्यांत पातळ थर करून फ्रिजमध्ये. खोल डब्यात मधला भात कितीतरी वेळ कोमट राहतो. पाहुण्यांना बांधून द्यायचं असेल तर जाताना नाही, जेवणं झाल्या झाल्या भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि निघताना हातात द्या.

खमंग_शाकाहारी:
आणि डब्यांवर कुठला शाकाहारी ते लिहा!!